सुमित्रा कर्णिकांचा पांढरा टोप

मी पांढऱ्या केसांचा टोप बोलतोय. तुम्ही मला विग म्हणाल, पण माझ्या मालकीणबाई, सुमित्रा कर्णिक, टोपच म्हणतात. त्या इंग्लंडात लेस्टरला जन्मल्या, वाढल्या, तरी वडिलांच्या तोंडचा हा शब्द त्यांनी सोडला नाही. सध्या आमचा मुक्काम अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला, त्यांच्या लेकीकडे. मला मान नाही, तरी ती ताठ आहे. का, ते सांगतो.

लंडनच्या एका कारागीर बाईने एकेक केस जाळीत ओवून मला घडवलं. तेव्हा सुमित्राबाई जेमतेम पंचविशीच्या होत्या. नाटकाचं शिक्षण घेऊन कामं मागत फिरत होत्या, पण सावळ्या पोरीला नायिका कोण करणार? एका नाटकात आजीची भूमिका तेवढी मोकळी होती. त्यांनी मला डोक्यावर चढवलं, खांदे किंचित पाडले आणि दोन पावलं टाकली. भूमिका मिळाली!

मग आजी, आत्या, म्हाताऱ्या दाया, सगळ्या आम्हीच केल्या. पुढे टीव्हीवर कोपऱ्यावरच्या दुकानातली खट्याळ आजी आली आणि बाई घरोघरी पोचल्या. म्हणजे मी पोचलो. कारण मी डोक्यावर नसलो तर रस्त्यात त्यांना कुणी ओळखायचं नाही. मला केवढी मिजास होती त्याची! मुख्य भूमिका मात्र त्यांच्याकडे कधीच आली नाही.

यजमान गेल्यावर बाई लेकीकडे, हिमानीकडे आल्या. केस काळे करायच्या, बाग बघायच्या. आता संपलं, असं त्याही म्हणायच्या आणि मीही. आणि एक दिवस फोन आला. जवळच्याच एका थिएटरची दिग्दर्शिका प्रीता नवं नाटक करत होती. निवृत्त होणाऱ्या न्यायाधीश बाईची गोष्ट, आणि मुख्य भूमिका सुमित्राबाईंना.

पहिल्या तालमीला बाई मला घालून गेल्या. प्रीता अमेरिकेतच वाढलेली, बिचकत म्हणाली, "मावशी, विदाउट विग ट्राय करू या? मला फक्त तुम्ही हव्यात."

"टोपाशिवाय मी म्हातारी कधी केलेलीच नाही गं," बाई म्हणाल्या. "जमायचं नाही मला."

घरी येताना गाडीत हिमानीने विचारलं, "आई, तू खरंच कॅन्सल करणार? आयुष्यभर या रोलची वाट बघितलीस ना?"

"टोप असला की लोक त्या आजीला बघतात. नसला की मलाच बघतील."

"मग बघू देत ना! शाळेत मी सांगायचे, टीव्हीवरची ती माझी आई आहे. कुणाला खरं वाटायचं नाही. एकदा तरी माझी आई स्टेजवर दिसू दे."

मी मांडीवर होतो. बाईंची बोटं माझ्या केसांत थांबली. त्या आठवड्यापासून त्यांनी केस काळे करणं सोडलं.

पहिल्या प्रयोगाला बाई मला बरोबर घेऊन गेल्या आणि मेकअपच्या खोलीत लाकडी डोक्यावर ठेवून, अर्धवट पिकलेल्या स्वतःच्या केसांनिशी स्टेजवर गेल्या. भिंतीवरच्या छोट्या स्पीकरमधून मी नाटक ऐकत होतो. शेवटच्या भाषणात त्या थांबल्या. एरवी अशा वेळी त्या माझी बट कानामागे सारून वेळ मारून न्यायच्या. आज हात कुठे जाणार? स्पीकर गप्प, प्रेक्षक गप्प. मग त्यांचा आवाज आला. थकलेल्या आजीचा ठेवणीतला आवाज नव्हे. भरदार, स्वच्छ, त्यांचा स्वतःचा. इतकी वर्षं त्यांच्या डोक्यावर बसून स्टेजवर तो मी कधी ऐकला नव्हता.

टाळ्या थांबेचनात. माझ्यासाठी त्यातली एकही नव्हती. तरी सांगतो, इतका अभिमान मला दुकानातल्या आजीच्या वेळीही वाटला नव्हता.

हिमानी आत धावत आली. पाठोपाठ बाई. लेकीला मिठीत घेऊन म्हणाल्या, "दिसले का गं मी?" हिमानीने जोरजोरात मान डोलावली.

आता मी कपाटात असतो. बाई अधूनमधून मला विंचरतात. पुढच्या महिन्यात टेक्सासमध्ये प्लेनोला प्रयोग आहे, मी काही जाणार नाही. तुम्ही तिथे असलात तर जरूर जा. पुढची खुर्ची मिळाली तर फारच छान. मला शोधू नका. बाईंकडे बघा.