भारनाथांची घागर

रविवारी कुरुळीच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. भारनाथ महाराजांची घागर दोषी माणूस बरोबर ओळखते म्हणे; ज्याच्या खांद्याला ती जड, तोच दोषी! आठवडाभर कंपनीत अवजड यंत्रं हलवणारी मंडळी हात जोडून बसली होती.

मांडवात झेंडूच्या दाट माळांनी झाकलेला बांबू होता आणि त्याला कडीने अडकवलेली, माळांआड दडलेली राखेची घागर. बांबूचं एक टोक नव्या सुनेच्या, दिव्याच्या खांद्यावर, दुसरं तिच्या सासूच्या, इंदुताईंच्या. लग्नाला महिना होतो न होतो तोच दिव्याच्या नवऱ्याचं, नवनाथचं कंपनीतलं काम सुटलं होतं. सुनेचा पायगुण वाईट निघाला तर आजच तिला माहेरी धाडायची, असं इंदुताईंनी ठरवून टाकलं होतं. नवनाथ कडेला उभा राहून अंगठ्याने माती उकरत होता.

"घागरीला नातं कळत नाही, कर्म कळतं," महाराज गरजले. चेल्याने माळा सारख्या केल्या आणि दिव्याचा खांदा दबला.

तिचे डोळे भरून आले. पण मेकॅनिकलचा डिप्लोमा तिने अशाच भरल्या डोळ्यांनी पास केला होता. तिने वाकून माळांखाली पाहिलं. घागर तिच्यापासून हातभर होती, सासूपासून तीन हात.

"आई, तुम्हाला जड लागतंय का?"

"छ्या, फुलावानी हाय. म्या काय पाप केलंय?"

"मग आपण जागा बदलू."

महाराज उदारपणे हसले. चेल्याचा हात लगेच माळांकडे गेला.

"दादा, घागर हलवू नका," म्हणत दिव्याने ओढणीने कडी बांबूला घट्ट बांधली. दोघींनी टोकं बदलली आणि इंदुताई एकदम वाकल्या. आता दोषी सासू, आणि महाराजांना सकाळीच साजूक तुपातला शिरा त्यांनीच वाढला होता.

"घाबरू नका, आई. घागर चोवीस किलोची धरा. जवळच्या खांद्यावर अठरा येतात, लांबच्यावर सहा. मधोमध आणली की बारा-बारा." तिने गाठ सोडून घागर मध्ये सरकवली. दोघी ताठ उभ्या राहिल्या.

क्रेन चालवणाऱ्या कोंडीरामने डोकं खाजवलं. "आमी रोज पट्टा कुठं बांधायचा ते बघूनच जड जॉब उचलतो राव. हितं कसं न्हाई सुचलं?"

"तिथे डोळे उघडे ठेवता, भाऊ. इथे मिटून बसला होतात."

इंदुताईंनी घागर पुन्हा एका टोकाला सारली. "या महाराज, तुमचा पुण्यवान खांदा ह्या बाजूला लावा." महाराजांना अचानक चाकणचा कार्यक्रम आठवला.

मग त्या आपल्या मुलाकडे वळल्या. "माती काय उकरतोयस? बायकूवर भार आला तवा खांदा द्यायचा व्हता. मी तर आंधळीच झाले व्हते." नवनाथ पुढे आला आणि दिव्याच्या खांद्यावरून बांबू उतरवून घेतला.

वजनाला पाप-पुण्य कळत नाही, अंतर तेवढं कळतं. कुणी तुमच्या खांद्यावर दोष ठेवला, तर रडण्याआधी वाकून पाहा, घागर टांगलीय कुठे.