शिरीषासाठी अरिसेलू

पौषातल्या कोवळ्या उन्हात माझ्या आईचे हात पांढरे दिसत होते. भिजवलेला तांदूळ सावलीत निथळवून, ओलसर असतानाच तिनं उखळात कुटला होता, आणि ते दमट पीठ तिच्या तळव्यांच्या भेगांत धुक्यासारखं उतरलं होतं. याच हातांनी भीमपूरच्या रानांत कापूस वेचून तिनं मला आमच्या घरातली पहिली पदवीधर केलं, हे मी कुणालाही मान वर करून सांगते.

पण त्या सकाळी तिच्या मुसळाच्या घावांत एक अनोळखी संकोच होता. आमच्या बौद्ध घरात संक्रांतीचं असं काही नसतं. आणि अरिसेलू, म्हणजे तेलुगू घरांतल्या तांदूळ-गुळाच्या त्या तळलेल्या पुऱ्या, तिनं जन्मात केल्या नव्हत्या. करायच्या होत्या त्या शिरीषासाठी. शिरीषा माझी वहिनी, करीमनगरकडची. जातीबाहेर लग्न केलं म्हणून माहेरानं तिचं नाव टाकलेलं. लग्नानंतरची ही पहिली संक्रांत, आणि ती पहाटेपासून खोलीत मुक्या फोनकडे बघत बसलेली. "सण तिचा असंल, चूल तं आपली हाय," एवढंच आई म्हणाली होती. तिला भीती एकच होती: हे पोर या घरात राहील, पण परक्यासारखं राहील.

गुळाचा पाक उकळू लागला तसा ओसरीभर एक दाट, तांबूस सुगंध पसरला. आमच्या तापलेल्या कपाळांवर झुकायची तशीच आईची मान त्या पाकावर झुकली होती. पीठ त्यात मळलं, तीळ लावून थापलं, कढईत सोडलं. आणि इथं तिच्या हातांनी सवयीची, अनारशांची रीत धरली. उलटणं नाही, वरून नुसतं तेल उडवणं, आणि अलगद काढून चाळणीत उभं करणं.

दाराशी शिरीषा कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"अत्तम्मा," सासूला ती तेलुगूतच हाक मारते, "उलटा करा. मग दाबा. तेल निघते."

"दाबू? काऊन वं? फुटंल न!"

"नाही फुटत. आमची अम्मा..."

आईनं दुसरा झारा शिरीषापुढे धरला. खालचा झारा आईचा, वरचा तिचा. दोघींच्या मध्ये तो तांबूस गोल चपटा होत गेला, आणि तेलाचे थेंब उन्हात चमकत कढईत परतू लागले.

"लागते का तुह्या अम्माच्या हातावानी?"

शिरीषानं घास चावला, विचार केला. "नाही."

"मंग दे इकडं, मी खातो!" आईनं हात पुढे केला.

आमच्या घरात ती मुलगी पहिल्यांदा खळखळून हसली; हसता हसता रडलीही. मग बोलतच राहिली: तिची अम्मा तीळ कसे चोळते, पहिली पुरी कुणाला देते, रागावली की झारा कसा आपटते. आई मधूनच "अगं बाई!" म्हणत ऐकत होती.

त्या दिवशी करीमनगरहून फोन आला नाही. अजूनही आलेला नाही. काळ दुरावलेल्या माणसांना परत आणून देतोच असं नाही. पण ज्या चुलीपाशी त्यांचं नाव मोठ्यानं घेता येतं, तिथं त्यांचं नसणंही हळूहळू घरातलंच होऊन बसतं.