खेकड्याची बाजू

गेमच्या मशीनवर वायरमनने सरळ बुक्का हाणला आणि खेकडा नेहमीसारखा बाजूला सरकला. पडद्यावरचा वायरमनचा पैलवान हवेत बुक्का मारून पुढे झोकांडला. बरगडीत गुडघा, पाठीत कोपर, आणि वरच्या कोपऱ्यातली त्याच्या जिवाची पट्टी साफ.

"एक झाला," खेकडा म्हणाला. अठ्ठावीस वर्षं तो हे असंच सांगत आला होता, पेपरातला हवामानाचा अंदाज वाचून दाखवावा तसं.

काउंटरमागे काकी प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालत होत्या. गेमचं दुकान त्यांचं. एके काळी अकरा मशिनं होती; पोरं शाळा बुडवून यायची आणि शोधायला आलेले बाप स्वतःच खेळत बसायचे. आता हे एकच उरलं होतं, आणि तेही चार वाजता भंगारच्या टेम्पोत चढणार होतं.

"पोरांनो, आवरा लवकर," काकी म्हणाल्या.

पोरांपैकी एकाची बायपास झाली होती. दुसऱ्याला, खेकड्याला, सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता, म्हणून टेलरिंगचं दुकान बंद करून तो येत्या रविवारी लेकीकडे राहायला जाणार होता. कायमचा.

वायरमनला एकदा जिंकायचं होतं. फक्त एकदा, तीनपैकी दोन डाव. त्यासाठी त्याने पंधरा दिवस भाचीची शिकवणी लावली होती.

"मामा, बैलासारखे सरळ काय घुसता?" भाचीने कपाळावर हात मारला होता. "तो सरकणार हे माहीत आहे ना? मग थांबा. सरकला की लाथ घुमवा. रुंद, झाडू फिरवल्यासारखी. मग डावीकडे जाऊ दे नाहीतर उजवीकडे, सापडतोच."

दुसऱ्या डावात वायरमन थांबला. खेकड्याचा डावा खांदा जरासा खाली गेला. सरकण्याआधी तो नेहमीच जायचा, पण वायरमनने कधी पडद्यावरून नजर काढून शेजारी पाहिलंच नव्हतं. त्याने लाथ घुमवली. खेकडा आडवा. पुन्हा खांदा, पुन्हा लाथ. तिसऱ्या लाथेला पट्टी संपली.

"अगं बाई! आज सूर्य कुठून उगवला?" काकी खुर्ची हातात धरूनच उभ्या राहिल्या.

"कुणी शिकवलं?" खेकड्याने विचारलं.

"आपलंच डोकं."

"तुझ्या डोक्यात एवढी जागा नाही, लेका."

तिसरा डाव सुरू झाला आणि खेकड्याचं लाथेचं बटण आत जाऊन रुतलं ते वर येईना. खेकड्याने दोनदा ठोकून पाहिलं.

"सोड. तुझं शिलाई मशीन नाही ते," म्हणत वायरमनने खिशातला टेस्टर काढला. चार स्क्रू फिरवले, बटणांची फळी उचलली. आत धूळ, मेलेलं झुरळ, बडीशेपेचे दाणे. बटण त्याने चिमटीत धरून वर ओढलं. मग त्याचं लक्ष खेकड्याचा पैलवान हलवायच्या दांडीच्या बुडाशी गेलं.

तिथे एक वॉशर अडकवलेला होता. काळ्या टेपने गुंडाळलेला, टेपचं टोक दातांनी तोडलेलं. वायरमन अजूनही टेप दातांनीच तोडायचा. बायको त्यावरून रोज बोलायची.

त्याला सगळं आठवलं. तेव्हा तो वायरिंगच्या कामाची उमेदवारी करत होता आणि शिंप्याच्या पोराला हरवणं फार सोपं होतं. पण नुसतं हरवण्यात काय मजा? म्हणून एका दुपारी त्याने त्या बाजूच्या दांडीखाली वॉशर खुपसला. दांडी मागे ओढली तरी लागेना. मागे लागली नाही तर मार अडवता येत नाही. चार दिवस पोराने बेदम मार खाल्ला आणि वायरमन पोट धरधरून हसला. आठव्या दिवशी पोरगा जिंकायला लागला. वायरमनला वाटलं, वॉशर गळून पडला असणार. तोवर त्या पोराला खेकडा कुणी म्हणत नव्हतं.

वायरमनने वॉशर हळूच काढून मुठीत घेतला आणि फळी बसवली.

खेकड्याने दांडी धरली. एकदा मागे ओढली. पडद्यावरच्या त्याच्या पैलवानाने दोन्ही हात तोंडापुढे धरले. खेकडा त्याच्याकडे बघत राहिला.

"घाल परत," तो म्हणाला.

"काय?"

"मुठीत आहे ते."

वायरमनची मूठ उघडेना. "तुला कधीपासून ठाऊक?"

"पाचव्या दिवशी मीच उघडलं होतं. टेप बघितल्यावर विचारायची गरज काय?"

"मग काढला का नाहीस, गाढवा?"

"काढला असता तर तू दुसरं काहीतरी केलं असतंस," खेकडा म्हणाला. "हा तरी ओळखीचा."

काकींनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढची खुर्ची उचलली.

वायरमनने पुन्हा चार स्क्रू काढले, वॉशर होता तिथे बसवला, फळी लावली. मग खांद्याने खेकड्याला ढकललं.

"हो तिकडे. माझ्या जागेवर."

"जिंकत आलास की रे."

"तिकडे हो म्हटलं ना."

डाव नव्याने लावला. खेकडा सरळ चालून आला. वायरमनने दांडी मागे ओढली. ओढतच राहिला. एक बुक्का, दुसरा, तिसरा. अर्धी पट्टी गेली. "आईशप्पथ," तो पुटपुटला, आणि काहीच सुचेना म्हणून त्याने दांडी वर ढकलली. त्याचा पैलवान बाजूला सरकला. खेकड्याचा बुक्का हवेत गेला.

"आता खेकडा कोण म्हणायचं?" काकी खुदकन हसल्या.

वायरमन पुन्हा सरकला. पुन्हा वाचला. पन्नाशीचा गडी, पण जीभ बाहेर काढून खेळत होता. तिसऱ्यांदा सरकला, आणि खेकड्याने लाथ घुमवली. रुंद, झाडू फिरवल्यासारखी.

"दोन झाले," खेकडा म्हणाला.

"ही लाथ तुला येत होती?"

"मी रोज तिचीच वाट बघायचो. तूच मारत नव्हतास."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. वायरमनने प्लग काढला, तिसऱ्यांदा फळी उघडली आणि वॉशर काढून आपल्या खिशाकडे नेला. खेकड्याने तळहात पुढे केला.

"आण. माझा आहे."

"तुझा कसा? मी टाकला."

"वापरला कुणी?"

वायरमनने थोडा वेळ वॉशर टेपसकट अंगठ्याने चोळला, मग त्याच्या तळहातावर ठेवला. शिंप्याच्या खडूशेजारी तो खेकड्याच्या वरच्या खिशात गेला.

दोघं मशीनच्या दोन बाजूंना वाकले.

"सरळ उचल," वायरमन म्हणाला. "आज तरी बाजूला सरकू नकोस."