सुटलेली अट

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे, आणि गोड बोलायची मला सवय नाही. जपानमधल्या निइगाताजवळच्या एका गावात शाळांचं जेवण रांधणारं मोठं स्वयंपाकघर आहे. तिथे कोणत्या मुलाला काय सोसत नाही, हे मी अकरा वर्षं सांभाळलं. आजचं जेवण कुणाला चालणार नाही, असं रोज सकाळी विचारत आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मी यादी देई. तेव्हा सगळे मला वाखाणत.

मग इगाराशी नावाचा नवा तंत्रज्ञ आला. उन्हाळी सुट्टीत त्याने मला विचारायचा तो रोजचा प्रश्न संगणकाच्या भाषेत नव्याने लिहिला. शाळा उघडली त्या सकाळी मी धापा टाकू लागलो. अर्धा तास झाला तरी यादी संपेना. त्याच त्या ओळी येताहेत म्हणून त्याने दुबार ओळी गाळायचा हुकूम जोडला. मी आणखी मंदावलो.

"म्हातारा झालाय हा. भंगारात घाला," तो सगळ्यांदेखत म्हणाला आणि मला लाथ मारली.

खाली भात शिजून तयार होता, पण यादीशिवाय गाड्या सोडता येत नव्हत्या. स्वयंपाकप्रमुख कुरामोचीबाईंनी आधीच्या अर्धवट यादीची छापलेली पानं उचलली. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"इगाराशीसाहेब, इथे प्रत्येक मुलाला अंडं वर्ज्य आहे. कोळंबीही. माझ्या नातीने आज सकाळीच अंडं खाल्लंय. कुणाला काय वर्ज्य, हे तुम्ही याला सांगितलंय कुठे?"

इगाराशीने आपला प्रश्न पडद्यावर पुन्हा वाचला. मुलांची यादी आणि वर्ज्य पदार्थांची यादी जोडताना, दोन्हीकडचा मुलाचा क्रमांक एकच हवा, ही अट तो विसरला होता. म्हणून मी गावातल्या प्रत्येक मुलाला प्रत्येक पथ्याशी जुळवत बसलो होतो. त्याने ती एक ओळ लिहिली आणि एकतीस नावं लगेच आली. गाड्या उशिरा का होईना, सुटल्या.

संध्याकाळी त्याने अहवालात उशिराचं कारण लिहिलं: जुनं यंत्र. बाईंनी त्यावर शिक्का मारला नाही.

"या एका जुन्या डब्यासाठी माझी नोकरी घालवता?" माझ्याकडे बोट दाखवत तो म्हणाला.

"डब्याचं मला काय? नवीन यंत्र आणलंत, तर ते हीच चुकीची यादी झटकन देईल. तेव्हा कोण थांबून वाचणार?"

त्याने अहवाल बदलला. माझी माफी मागितली नाही. मागितली असती तरी मी दिली नसती. मित्रांनो, यंत्राला लाथ मारायची तर मारा. पण आधी आपण काय विचारलं ते एकदा वाचा. त्या एकतीस ताटांमागे मुलं बसलेली असतात.