बाईंनी गाडी बाहेर काढली

विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करणारा एक सर्व्हेअर होता. ऑफिसात त्याला ‘वजाबाकी’ म्हणत, कारण लोक जेवढं नुकसान सांगत त्यातून काहीतरी वजा केल्याशिवाय तो परत येत नसे. चेपलेली दारं आणि फुटलेले दिवे बघण्यात, आणि ‘समोरचाच अंगावर आला’ हे ऐकण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर जी गाडी घेतली तिला छप्पर नव्हतं, खिडक्या नव्हत्या, हीटर नव्हता आणि एअरबॅगचं तर नावच काढायला नको.

जुन्या काळच्या एका शर्यतीच्या गाडीची ती नक्कल होती. लांब नाक, बुटकी काच, कुशीतून बाहेर आलेला सायलेन्सरचा पाइप. अंग फायबरचं, इंजिन कुठल्याशा साध्यासुध्या गाडीतून काढून बसवलेलं. आत बसलं की रस्ता हाताला लागेल इतका जवळ. गिअर टाकायला खांद्यापासून जोर लावावा लागे, आणि ब्रेक दाबला की गाडी आधी जरा विचार करी.

त्याची बायको फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर ती लोकांच्या माना आणि कमरा सरळ करी. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि वाकून सीट अंगठ्याने दाबून पाहिली. सीट दबली नाही.

“पाऊस आला तर?” तिने विचारलं.

“भिजायचं.”

“आणि थंडीत?”

“गारठायचं.”

“मग घेतलीस कशाला?”

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. “मजा येते.”

हा शब्द तिने त्याच्या तोंडून पूर्वी कधी ऐकल्याचं तिला आठवेना. एक्स-रे बघावा तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. “रविवारी संध्याकाळी क्लिनिकला ये,” ती म्हणाली. “कंबर बघते.”

शेजारच्यांनी विचारलं, “ओरिजिनल का हो?”

“नाही, नक्कल.”

“मग ओरिजिनल कुठंय?” जणू ती तो कुठेतरी विसरून आला होता.

ओरिजिनल कुठे आहे ते त्याला पुढे कामातूनच कळलं. एका जुन्या गाडीच्या पॉलिसीचं नूतनीकरण होतं आणि त्याआधी पाहणी करायची होती. त्याची रोजची गाडी नेमकी गॅरेजला होती, म्हणून तो नक्कल घेऊनच गेला.

ती गाडी टेकडीवरच्या एका बंगल्यात होती आणि तिची मालकीण सत्तरीच्या पुढची होती. तो गेटातून आत शिरला तेव्हा ती पायरीवर येऊन उभी होती. कानातलं यंत्र काढून तिने हातात धरलं होतं.

“ही आवाज करते,” इंजिन बंद झाल्यावर यंत्र पुन्हा कानात घालत ती म्हणाली.

“हो, बाई. माफ करा.”

“माफी कशाला? आमची करत नाही.”

बाईंची गाडी मागच्या बाजूच्या एका खोलीत होती. खोलीत गालिचा होता, ओल शोषणारं यंत्र होतं आणि गाडीभोवती मखमली दोर लावलेला होता. सर्व्हेअरने आपल्या गाडीचा आकार तिथे जसाच्या तसा पाहिला. फक्त ही खरी होती. चुकून स्पर्श होऊ नये म्हणून त्याचे हात आपोआप खिशात गेले.

“यजमानांनी घेतली,” बाई सांगू लागल्या. “दर रविवारी पुसायचे. मी चहा आणला की दारातच थांबायचं. वाफ लागते म्हणे.”

“चालवायचे कधी?”

“छे! कुणी ओरखडा काढला तर?”

“तुम्ही बसलात का कधी आत?”

“माझ्या बांगड्या होत्या ना,” बाई म्हणाल्या, आणि हे कारण पुरेसं असल्यासारख्या मखमली दोर सरळ करू लागल्या.

त्याने पाहणी केली. रंग निर्दोष होता. टायर नवेच होते, पण जागच्या जागी वाळून कडक झाले होते. इंजिनातलं तेल डिंकासारखं झालं होतं. तो गाडीखालून गुडघे झाडत उठला.

“काय झालंय हिला?” बाईंनी विचारलं.

“काहीच झालेलं नाही.”

“तेच म्हणते मी,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी अंगणाकडे हनुवटी उडवली. “त्या तुमच्यात मला बसता येईल?”

त्याने नेहमीच्या सवयीने धोके सांगितले. सीट कडक आहे. वारा तोंडावर येतो. उतरताना पाइपाला पोटरी लागली तर भाजते. आभाळही भरून आलंय. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला स्कार्फ बांधला. कानातलं यंत्र पर्समध्ये टाकून त्या त्याचा खांदा धरून दारावरून आत उतरल्या.

टेकडीच्या रस्त्याला लागल्यावर त्याने बेताने वेग वाढवला. तिसऱ्या वळणावर पाऊस आला. गाडी पळत होती तोवर पाणी काचेवरून डोक्यावरून निघून जात होतं. पण खाली रेल्वेचं फाटक बंद होतं. दोघं तिथे ट्रक आणि टेम्पोच्या मध्ये बसून चिंब भिजले. टेम्पोवाल्याने वरून डोकावून विचारलं, “काका, ताडपत्री देऊ का?”

बाईंना ऐकू गेलं नाही. त्या समोर बघत होत्या आणि त्यांचा चेहरा गंभीर होता. फाटक उघडलं तशा त्या मोठ्याने म्हणाल्या, “आता जोरात घ्या.”

बंगल्याच्या दारात उतरल्यावर त्यांनी स्कार्फ पिळला. “आमची चालू करायला कोण लागेल?”

सर्व्हेअरने आपल्या मेकॅनिकचा नंबर दिला. द्यायला नको होता, हे त्याला घरी जाताना कळलं, पण त्याचं वाईट मात्र वाटेना.

मेकॅनिकने टायर बदलले, नळ्या बदलल्या, टाकी धुतली. गाडी चालू झाली त्या दिवशी बाईंनी मखमली दोर सोडवला आणि त्यावर कपडे वाळत घातले. लायसन्स त्यांच्याकडे होतंच, बाजारहाटाला त्या छोटी गाडी चालवत. आधी त्या अंगणातल्या अंगणात फिरल्या, मग टेकडी उतरल्या, आणि पुढच्याच खेपेला परत येताना डावं मडगार्ड गेटच्या खांबाला घासलं.

बाईंनी कळवल्यावर विमा कंपनीने सर्व्हेअरला जायला सांगितलं. त्याने आपली बाईंशी ओळख असल्याचं आधीच कळवलं. या गाडीतलं दुसऱ्या कुणाला कळत नाही, असं वरून उत्तर आलं.

त्याने टेप लावून ओरखडा मोजला. चांगला हातभर होता.

“कसं झालं, बाई?”

“मी वळले. गेट वळलं नाही.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी समोरच्याला दोष न देता अपघात सांगत होतं. गेटला दिला तेवढा सोडून. त्याने ते तसंच लिहून घेतलं. मग बाई म्हणाल्या, “हा दुरुस्त करायचा नाही. क्लेम मी मागे घेते.”

“किंमत उतरेल गाडीची.”

“उतरू दे. मला कुठे विकायचीये?”

दोन दिवसांनी बाईंच्या मुलाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात असे. आवाजावरून तो रागवायची तयारी करून बसलेला होता.

“आईच्या डोक्यात हे खूळ तुम्ही घातलंत?”

“हो,” सर्व्हेअर म्हणाला.

एवढ्या सरळ उत्तराची तयारी मुलाने केलेली नव्हती. “अहो, किती दुर्मिळ गाडी आहे ती! आणि आई फोनसुद्धा उचलत नाही.”

“यंत्र काढून ठेवतात. गाडीचा आवाज असतो.”

पलीकडचा आवाज जरा खाली आला.

“कशी चालवते?”

“वळताना घाई करतात. बाकी हात चांगला आहे.”

मुलगा शनिवारी आला. प्रवासाच्या कपड्यांतच, गळ्यातला टायही न सोडता, अंगणात उभा राहिला आणि ओरखड्यावरून बोट फिरवत आईशी विकण्याविषयी, वयाविषयी, हाडांविषयी बोलला. सर्व्हेअर तिथे होता, कारण बाईंनी त्याला पुढे रस्ता दाखवायला बोलावलं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. कदाचित घेतलं नसेल, कारण यंत्र पर्समध्ये होतं.

शेवटी मुलाने हात पुढे केला. “दे किल्ली. मी चालवतो.”

“आधी बाजूला बस,” बाई म्हणाल्या.

मुलगा चांगला धिप्पाड होता. त्याला आत बसवायला सर्व्हेअरला मागून ढकलावं लागलं. गुडघे हनुवटीपर्यंत आले, टाय वाऱ्याने पाठीमागे गेला आणि गाडी टेकडी उतरू लागली. सर्व्हेअर आपली नक्कल घेऊन पुढे होता. पहिल्या वळणावर त्याने आरशात पाहिलं. मुलाने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता आणि तोंड उघडं होतं. तो ओरडत होता की हसत होता ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. बाई नीट बघून, बेताने वळत होत्या.