ताई, बाजूला हो!

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि खोटं कशाला बोलू, बराचसा रुसलेला आहे. रुसणं चांगलं नाही हे मला कळतं. रोज सकाळी ठरवतो, आज कोणाबद्दल वाकडं बोलायचं नाही. दुपारपर्यंत तो नेम मोडतो. आज तर मोडणारच आहे, कारण आज मला सगळं सांगायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या डोळ्याची काच बसवली, रबरी फुग्याने तिच्यावर हवा मारली आणि बटण दाबून पाहिलं. मी टिपलेलं पहिलं चित्र त्यांच्या हातमोज्याचं होतं. त्यांनी ते लगेच पुसून टाकलं. माझ्या नशिबात काय लिहिलं आहे ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुकानातून मला ताईने आणलं. ताई दवाखान्यात नर्स होती. तिचा धाकटा भाऊ घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून इवल्याशा चाकांवर वाकलेला असायचा. माझी पेटी त्याच्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, "सारखं नाकासमोरचंच बघत असतोस. जरा लांबचं बघ."

त्याने ते फारच मनावर घेतलं.

गावात हौशी फोटोवाल्यांचा एक गट होता. अकरा जण. दर रविवारी प्रत्येकाने एक चित्र काढायचं आणि खाली एक ओळ लिहून ते फोनवरच्या गटात सगळ्यांना पाठवायचं. निसर्ग, आगगाडी किंवा प्रवास, एवढेच विषय. गटाचे प्रमुख दातांचे डॉक्टर होते. त्यांचा एक नियम अगदी कडक होता: चित्रात माणूस नको. माणूस आला की चित्र बिघडतं म्हणे. एखादं सुंदर धुकं कोणी पाठवलं तरी डॉक्टर लिहायचे, "उत्तम. पण डाव्या कोपऱ्यात कोणाची तरी टोपी दिसते." कीड शोधायची त्यांची सवय सुट्टीच्या दिवशीही जात नसे.

घड्याळजीला आगगाडीचं वेड लागलं. गावाबाहेर रूळ वळण घेतात, तिथे कुंपणाच्या अलीकडे एक पांढरा दगड आहे. सकाळची एकुलती एक गाडी त्या वळणावर येते तेव्हा मागे टेकडी आणि खाली ओढा, असं दृश्य मिळतं. पण गाडी भरधाव, आणि माझा डोळा पहिल्यापासून मंद. फोकस धरायला मला वेळ लागतो. म्हणून घड्याळजीने एक युक्ती काढली. दगडापाशी कोणाला तरी उभं करायचं, त्या माणसावर माझा फोकस आधीच पक्का करायचा, खात्रीसाठी एक चित्र काढून बघायचं, आणि गाडीची शिट्टी ऐकू आली की त्या माणसाला हटवायचं.

तो माणूस म्हणजे ताई.

"ताई, जरा डावीकडे. अजून जरा. हां, हलू नकोस."

"अरे, इथे काटे आहेत."

"दोन मिनिटं गं!"

त्याची दोन मिनिटं म्हणजे अर्धा तास. घड्याळजी असून! दवाखान्यातली रात्रपाळी संपवून आलेली ताई निळ्या स्वेटरमध्ये काट्यात उभी राहायची, जांभया द्यायची, दगडावर बसलेल्या पक्ष्याशी बोलायची. मग शिट्टी व्हायची. घड्याळजी ओरडायचा, "ताई, बाजूला हो!" आणि ती टुणकन बाजूला व्हायची.

गाडीचं चित्र छान यायचं. त्याखाली हा पठ्ठ्या लिहायचा, "सहज दिसलं, सहज टिपलं." सहज? अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या! आणि ताईचं चित्र? ते तर नुसतं फोकस बघायला काढलेलं. घरी जाताना वाटेतच त्याचा अंगठा पुसायच्या बटणावर जायचा. बारा वर्षं, मित्रांनो. शेकडो वेळा मी तिला डोळ्यात साठवलं आणि शेकडो वेळा मला ती ओकून टाकावी लागली. मला ओरडता येत नाही. बटण अडकवून धरता येत नाही. असं हतबल असणं फार वाईट.

मग ताईची बदली झाली. लांबच्या शहरात, मोठ्या दवाखान्यात. मंगळवारी निघायचं होतं. त्याआधीच्या गुरुवारी त्यांची आई म्हणाली, "एवढे फोटो काढतोस, माझ्या पोरीचा एक दे. ओट्यासमोरच्या भिंतीवर लावते."

"फोनमध्ये आहेत की, आई."

"त्यातले चेहरे मला मुंगीएवढे दिसतात. मोठा हवा."

घड्याळजीने माझी सगळी कार्डं धुंडाळली. गाड्या, टेकड्या, बगळे, पूल, गाड्या. ताई कुठेच नाही. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, शोध आता, शोध! पुसताना कुठे गेला होता हा शोध?

त्याने तिला घरीच खुर्चीवर बसवून चार चित्रं काढली. ती खांदे ताठ करून, श्वास धरून बसली. आईने चष्मा लावून पाहिलं आणि सांगितलं, "ही माझी पोरगी नाही. ही ओळखपत्रावरची बाई आहे."

उरला एकच रविवार. दोघं पांढऱ्या दगडाशी गेली.

"ताई, आज हलायचं नाही हं. गाडी मागे येऊ दे. मला तूच हवी आहेस."

"खिळा ठोकल्यासारखी उभी राहते, बघ."

मी तिच्यावर फोकस धरला. इतका घट्ट मी आयुष्यात कधी धरला नव्हता. शिट्टी झाली. घड्याळजीने बटण दाबलं, आणि त्याच क्षणी, कोणी काही न म्हणता, ताई टुणकन बाजूला झाली.

"अगं, काय केलंस हे!"

"अरे देवा! पाय आपोआप हलले रे. बारा वर्षांची सवय."

गाडी निघून गेली. दुसरी गाडी उद्याच, आणि उद्या तिला दवाखान्यात शेवटचा हिशोब द्यायला जायचं होतं. घड्याळजीने माझ्या पाठीवरचं चित्र पाहिलं. मधोमध पुसट गाडी. उजव्या कडेला अर्धा गाल, निळी बाही, हवेत उचललेलं एक पाऊल. त्याचा अंगठा पुसायच्या बटणावर गेला. मी मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथे लिहिण्याजोगं नाही.

"ठेव रे," ताई म्हणाली. "आईला दाखवू. हसेल तरी."

आई हसली नाही. तिने चित्र बराच वेळ डोळ्यांजवळ धरलं. म्हणाली, "हीच माझी पोर. आयुष्यात कोणाच्या वाटेत आली असेल तर शपथ." आणि पदराने डोळे पुसून म्हणाली, "हाच लाव."

त्या संध्याकाळी घड्याळजीने तेच चित्र गटात पाठवलं. डॉक्टरांनी लगेच लिहिलं, "उजव्या कोपऱ्यात कोणाची तरी बाही दिसते."

घड्याळजीने उत्तर दिलं, "ती माझी ताई आहे. गाडी मध्ये आली."

ताई गेली. दगडाशी उभं राहायला कोणी नाही म्हणून त्याचे रविवारही थांबले. त्याला दया नाही असं नाही, पण मला त्याने स्वयंपाकघरातल्या ओलसर कप्प्यात टाकलं, आणि आता माझ्या डोळ्यात बुरशीने जाळं धरलं आहे. आई मीठ काढायला कप्पा उघडते तेव्हा समोरच्या भिंतीवरची निळी बाही मला क्षणभर दिसते. पुसटच, पण दिसते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला कोरड्या जागी ठेवा, काच मऊ कापडाने पुसा. आणि चित्र काढताना कोणाला "बाजूला हो" म्हणण्याआधी एकदा बघा, तो माणूस तिथे किती वेळ उभा आहे. बघितलंत, तर मी माझा रुसवा सोडेन. उद्या सकाळपासून. नक्की.