सांडपाण्याची जात

त्या दिवशी घराघरांत मिरच्या भाजल्या जात होत्या. नेव्याना अंगणातल्या पत्र्यावर लाल मिरच्या उलटत होती. एक डोळा निखाऱ्यावर, दुसरा छोट्या लेकीवर, कालिनावर. मोरीतलं पाणी नळाने गावाखालच्या बोरूच्या वाफ्यात जाई. खडी भरलेल्या त्या उथळ खड्ड्यात सगळ्या घरांचं सांडपाणी बोरूच्या मुळांतून झिरपे आणि निवळून ओढ्याला मिळे. गावाला त्याचा अभिमान होता.

परवाच टेकाडावरच्या रोमा, म्हणजे जिप्सींच्या, वस्तीचा नळही त्याला जोडला होता. तोवर तिथे गटार दारातून वाहे, पोरांना कावीळ होई.

सासरा स्तोइमेन ढकलगाडीत सिमेंट कालवत होता.

"मामंजी, हे कशाला?"

"त्या जिप्सींचा नळ बुजवायला."

"अहो, सांडपाणीच ना ते? आपलंही तेच."

"आपली घाण आपली आहे, सूनबाई. त्यांची घाण आपल्या घाणीत मिसळायची नाही. कॉलेजात एवढंही शिकवलं नाही होय?"

नवरा पेत्को हसला आणि गाडी ढकलू लागला.

नेव्याना पोरीला कडेवर घेऊन मागोमाग गेली. वाफ्याशी गावातले आणखी चौघे उभे होते. नळाच्या तोंडात सिमेंट ओतलं, तशी वस्तीतून सेव्दा धावत आली, मागे तिचा भाऊ.

"स्तोइमेनकाका, पाणी उलटं आमच्या घरांत चढेल! माझं पोरगं काविळीने पडलंय!"

तिने ओलं सिमेंट हातांनी उपसायला सुरुवात केली.

"हात काढ."

"नाही काढत! बुजवायचं तर हातांसकट बुजवा."

स्तोइमेनने खोरं उचललं आणि तिच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज झाला. भाऊ धावला, पेत्कोने त्याचे हात मागे आवळले, बाकीच्यांनी त्याला लाथांनी तुडवलं. त्याच्या तोंडातलं रक्त सिमेंटवर सांडलं. कालिना किंचाळत राहिली. नेव्यानाने पोलिसाला फोन लावला.

पोलीस आला. "काय झालं?"

"घसरून पडली," स्तोइमेन म्हणाला.

"आणि हा?"

"तिला उचलताना तोही." चौघांनी माना डोलावल्या. पोलिसाने वही मिटली.

नेव्यानाच्या मानेत पोरीचे चिमुकले हात घट्ट रुतले होते. एक शब्द, आणि डोक्यावरचं छप्पर जाणार होतं. कदाचित ही पोरही.

"कुणी घसरलं नाही," ती म्हणाली. "सासऱ्यांनी खोरं घातलं. माझ्या नवऱ्याने भावाला धरलं, या चौघांनी तुडवलं. मी पाहिलंय. वही उघडा."

"नेव्याना, गप घरी चल!" पेत्को ओरडला.

"आधी हा नळ साफ कर."

तो हलला नाही. तिने कालिनाला सेव्दाजवळ बसवलं, गाडीतली कुदळ उचलली आणि नळाच्या तोंडावर घाव घातला. सिमेंट आळत चाललं होतं. ती एकटी खणत होती. आणि भोवती पोलिसासकट सात धडधाकट पुरुष हात लोंबते सोडून नुसते उभे होते.